पाहायला आलेले आणि पाहून आलेले

चिपळूणहून कराडकडे निघालेली एसटी शिरगाव ओलांडून पोफळीला आली की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि कुंभार्ली घाट सुरू होतो. आज पोफळी म्हटले की लोकांना डोंगराच्या पोटातले वीजघर आठवते, पण वीजघर ही इथली तशी कालपरवाची गोष्ट. त्याआधी कितीतरी काळ ही वाट म्हणजे चिपळूणच्या बाजारपेठेचा देशावर उघडणारा दरवाजा होता. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जायचे, धान्य आणि गूळ खाली यायचा. मालाबरोबर माणसेही वर जायची. शिकायला, नोकरीला, कधी नुसतेच पोट भरायला.

१८७५ साली मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर हाच घाट चढून गेला. त्याला सरकारी सहावीची परीक्षा द्यायची होती. मुंबईला जाणारी बोट वेळेत मिळेना, म्हणून मुलांनी साताऱ्याचे केंद्र गाठायचे ठरवले आणि शंभराहून अधिक मैल पायी तुडवले. साताऱ्यात परीक्षेच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या चणीकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा असूच शकत नाही असे ठरवले आणि त्याला परत पाठवले. समोरच्याने आपल्याला कसे पाहिले यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे धोंडो केशव कर्व्यांना असे फार लवकर कळले. पुढे त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेलाही आयुष्यभर कोणी ना कोणी पाहायला येतच राहिले. ती संस्था दाखवण्यासाठी ते स्वतः सत्तरी उलटल्यावर जगभर हिंडले.

परक्या देशातून अनाथाश्रम पाहायला येणारी माणसे, त्यांच्या भेटीनंतर सुरू होणारी किंवा बंद पडणारी मदत, आणि इकडून तिकडे जाऊन संस्था पाहून, पदर पसरून परत येणारी माणसे, या सगळ्याला महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा एक ठळक धागा रत्नागिरी जिल्ह्यातून जातो. त्यातही देवरूखच्या एका घरातून.

संस्था निघण्यापूर्वी अनाथ आणि गरीब मुलांची सोय अगदीच नव्हती असे नाही. शिकणारा मुलगा आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवायचा किंवा माधुकरी मागायचा. त्याची पाहणी करायला कोणी समिती येत नसे. मुलगा खंगला, खोकायला लागला, तर सातही घरांना ते दिसायचे. पण ही सोय ब्राह्मण मुलग्यांपुरती. मुलीला वार नव्हते, विधवेला नव्हते, आणि ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या मुलांचा तर प्रश्नच कोणी काढत नव्हते. शिवाय दुष्काळ पडला की वार देणारेच उपाशी.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळाने ही जुनी व्यवस्था उघडी पाडली. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने एक नवे काम केले. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून माहिती गोळा केली. कुठे किती गुरे मेली, कुठल्या गावातून किती लोक परागंदा झाले, दुष्काळी कामावर मजुरी काय मिळते, हे सारे टिपून सभेने सरकारला पत्रांमागून पत्रे पाठवली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली आणि मजुरांनी कामे टाकली, तेव्हा मजुरांच्या बाजूने बोलायला सभेजवळ आकडे होते. लंडनमध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल ही दुष्काळवृत्ते वाचत होत्या. देणगी मागण्यापूर्वी पाहणी करायची, आणि पाहणी केलेली कागदावर उतरवायची, ही सवय मराठी सार्वजनिक जीवनाला तिथे लागली.

त्याच सुमारास, १८७५ मध्ये, पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला. प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला. वारीच्या गावात विधवांची टाकलेली मुले सापडत, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांची मोजदाद करून त्यांना छप्पर देणारे मात्र तेव्हा निघाले.

परदेशी पाहणीची गोष्ट खरी सुरू होते ती पंडिता रमाबाईंपासून. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, तो दिवस ११ मार्चचा. जायचे होते एका समारंभाला, राहिल्या दोन वर्षांहून अधिक. या काळात त्यांनी अमेरिका उभी-आडवी पालथी घातली. बालोद्यानांची पद्धत शिकल्या, स्त्रियांच्या मद्यपानविरोधी चळवळीच्या सभांतून बोलल्या, शाळा आणि धर्मादाय संस्था पाहिल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मराठीत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले. त्यात अमेरिकेतल्या परोपकारी संस्थांचे भरभरून वर्णन आहे, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर ताशेरेही आहेत. हिंदुस्थानातली एक विधवा अमेरिकेची पाहणी करून तिला गुण देते आहे, हा प्रकार त्या काळात कोणी पाहिलेला नव्हता.

त्या दौऱ्यातूनच डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. वर्षाला एक डॉलर, आणि तो दहा वर्षे द्यायचा, अशी सभासदांची प्रतिज्ञा. या एकेका डॉलरच्या जिवावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या दिवशी मुली दोन. सदनात आलेली पहिली विधवा रत्नागिरी जिल्ह्यातली होती. तिचे नाव गोदूबाई. देवरूखच्या बाळकृष्ण केशव जोशींची ही मुलगी आठव्या वर्षी लग्न होऊन तीन महिन्यांत विधवा झाली होती. तिचा भाऊ नरहरपंत हा कर्व्यांचा मित्र.

अमेरिकेतल्या देणगीदारांनी पैसे दिले ते एका अटीवर, की धर्माच्या बाबतीत सदनाने तटस्थ राहावे. पुण्यातल्या पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला तोही त्याच अटीवर. सदन १८९० च्या अखेरीस पुण्याला आले, आणि काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात असे बाहेर येताच भडका उडाला. ‘केसरी’ने रान उठवले. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाचा आवाज बोस्टनपर्यंत गेला आणि तिथल्या कार्यकारी समितीच्या ज्युडिथ अँड्र्यूज स्वतः समुद्र ओलांडून सदन पाहायला आल्या. समितीने मदत चालू ठेवली. एका सदनाकडे दोन ठिकाणांहून दोन प्रकारचे लोक डोळे लावून बसलेले, दोघेही एकच गोष्ट शोधत होते आणि दोघांना वेगवेगळी उत्तरे मिळाली. यात रमाबाईंची बाजू घ्यायची की पुणेकरांची, हा वाद अजून मिटलेला नाही. एवढे मात्र खरे की सदनातल्या मुलींना काय हवे, हे विचारायला दोघांपैकी फारसे कोणी थांबले नव्हते.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अशाच एका दुष्काळात गेले होते. उपासमार त्यांना पुस्तकात वाचायची गरज नव्हती. त्या थेट मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रे आणि दुष्काळी कामांच्या छावण्या त्यांनी आतून पाहिल्या. तरुण मुली तिथल्या मुकादमांच्या आणि दलालांच्या तावडीत कशा सापडतात, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले. येताना सुमारे तीनशे मुली आणि बायका सोबत आणल्या. पुण्यात प्लेग. त्यांना शहरात ठेवता येईना. मग केडगावला घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू ठोकले आणि तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजाराच्याही पुढे गेली.

त्याच वर्षांत अमेरिकेहून पाहणीला येणाऱ्यांची रीघ लागली होती. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टचे मेनोनाइट पंथाचे जॉर्ज लॅम्बर्ट १८९७ मध्ये धान्याच्या मदतीबरोबर हिंदुस्थानात आले. ‘सिटी ऑफ एव्हरेट’ हे जहाज मका घेऊन कलकत्त्याला लागले, आणि लॅम्बर्ट मिशनांची अनाथालये पाहत देशभर फिरले. परत जाऊन त्यांनी छायाचित्रांसह जाडजूड पुस्तक काढले. १९०० साली न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’चे लुई क्लॉप्श आले. त्यांच्या वृत्तपत्राने जमवलेला मका ‘क्विटो’ जहाजातून आला, आणि हजारो अनाथ मुले अमेरिकेतल्या वाचकांना वाटून दिली गेली, म्हणजे अमुक मुलाचा खर्च अमक्या घराने करायचा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम दुष्काळनिधीचा हिशेब पाहत होते. या धान्याने आणि पैशाने माणसे जगली, यात शंका नाही. पण हाडांचे सापळे झालेल्या मुलांची छायाचित्रे दाखवून निधी उभारण्याची रीतही तेव्हाच रुळली. बरगड्या मोजता येणारे मूल आणि शेजारी सहा महिन्यांनी गुटगुटीत झालेले तेच मूल, अशी जोडी छापायची. ती पद्धत सव्वाशे वर्षांनंतरही माहितीपत्रकांतून हटलेली नाही.

गोदूबाईंकडे परत यायला हवे. ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदनाच्या वर्धापनदिनीच, त्यांचे विधुर कर्व्यांशी लग्न झाले. त्या आनंदीबाई झाल्या, घरात सगळे त्यांना बाया म्हणत. मुरूडने कर्व्यांना वाळीत टाकले. तरी १८९६ च्या जून महिन्यात कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. प्लेगमुळे आश्रम शहराबाहेर न्यावा लागला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी जागा दिली आणि तिच्यावर एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. रस्ता चिखलाचा, डोक्यावर किंवा खांद्यावर आश्रमाचे सामान.

या आश्रमाला पैसे देणारे बहुतेक मध्यमवर्गीय ब्राह्मण होते. विधवेला शिकवणे त्यांना पटू लागले होते, तिचे पुन्हा लग्न लावणे पटत नव्हते. आश्रमात पाठवलेल्या मुलीचे इथे कोणी लग्न लावून देणार नाही ना, ही त्यांची पहिली शंका. तेव्हा कर्व्यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने दूर ठेवला. त्याची किंमत त्यांच्या घरातच चुकती झाली. बाया पुनर्विवाहित, म्हणून त्यांना आश्रमात मोकळेपणाने वावरता येईना. नवऱ्याने विधवांसाठी काढलेल्या घराबाहेर त्याचीच बायको उभी, कारण एकेकाळी ती विधवा होती आणि आता नाही. बायांनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात अशा गोष्टी आढेवेढे न घेता सांगितल्या आहेत. कर्वे स्वतःच्या विम्याचे पैसेही आश्रमाच्या नावे करून मोकळे झाले तेव्हा मुलांच्या आईला काय वाटले असेल, तेही त्यात आहे. थोर माणसांच्या चरित्रांत एरवी अशी पाने कमी असतात.

बायांना जे दार बंद, ते त्यांच्या सख्ख्या बहिणीला उघडे होते. पार्वतीबाई आठवले याही देवरूखच्याच, जन्म १८७०. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य. केशवपन झालेले, पदरी मूल. पुण्याला बहिणीच्या घरी येऊन त्या शिकल्या, आश्रमात शिक्षिका झाल्या, मग व्यवस्था पाहू लागल्या. पण त्यांचे खरे काम होते निधी जमवण्याचे. लाल आलवणातली सोवळी बाई गावच्या देवळात उभी राहून विधवांच्या शिक्षणावर बोलते आणि शेवटी पदर पुढे करते, याचा परिणाम कोटातल्या प्रोफेसराच्या भाषणापेक्षा जास्त व्हायचा. कर्मठांना तिच्यात बोट ठेवायला जागा सापडत नसे. पार्वतीबाईंना हे पक्के ठाऊक होते. पुढे काही वर्षांनी त्यांनी विचारपूर्वक केस वाढवले, तेव्हा तेच लोक बिथरले.

इंग्रजी येत नाही ही त्यांची खंत होती. इंग्रजी आले तर आश्रमासाठी आणखी मोठ्या वर्तुळात जाता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. महायुद्ध संपायच्या वर्षी, १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. हातात शिष्यवृत्ती नाही, मागे श्रीमंत संस्था नाही. तिथे त्यांनी लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून कामे धरली. भांडी घासली, झाडू मारला, स्वयंपाकघरात हाताखाली राहिल्या. मालकिणीशी बोलता बोलता इंग्रजी शिकायचे, असा त्यांचा हिशेब. हिंदुस्थानातली एक प्रतिष्ठित ब्राह्मण बाई अमेरिकेत उष्टी भांडी घासते, हे तिथल्या काही हिंदी विद्यार्थ्यांनाच लाजिरवाणे वाटले. पार्वतीबाईंना वाटले नाही. आश्रमात त्या हेच करत होत्या.

आजच्या भाषेत त्यांच्या या प्रवासाला अभ्यासदौरा म्हणता येईल, पण अशा दौऱ्यावर जाणारे पाहुण्यांच्या खोलीत उतरतात, मोरीपाशी उभे राहत नाहीत. पार्वतीबाईंनी अमेरिकन घर मागच्या दाराने पाहिले. बायका काय कमावतात, घरकामाला मोल किती, नवऱ्याचे आणि बायकोचे पैसे वेगळे असतात की नाही, या त्यांच्या नोंदी त्यामुळे पुस्तकी नाहीत. ख्रिस्ती व्हा म्हणजे सगळी सोय होईल असे सुचवणारेही भेटले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि आपल्या मार्गाने गेल्या. १९२० मध्ये परत आल्या तेव्हा कामापुरते इंग्रजी आले होते आणि आश्रमासाठी थोडेफार पैसेही. १९२८ मध्ये त्यांचे ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाले आणि दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. भाषांतर करणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने मिशनरी, म्हणजे अनाथालयांना देणग्या आणणाऱ्या परंपरेतलेच. निवृत्तीनंतर त्यांनी मराठी संतांची चरित्रे इंग्रजीत नेली, त्याच मालेच्या आसपास देवरूखच्या या विधवेचीही कहाणी गेली.

पाहून आलेल्या माणसाच्या हातून काय होऊ शकते, याचे सर्वांत खर्चिक उदाहरण विठ्ठलदास ठाकरसींचे. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले ते जपानच्या महिला विद्यापीठाबद्दलची एक पुस्तिका हाती पडल्यानंतर. जपान त्यांनी पाहिलेला नव्हता, पुस्तिकाच काय ती वाचलेली. ठाकरसी मात्र जगप्रवासात सपत्नीक टोकियोला गेले, ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहिले आणि १९२० मध्ये कर्व्यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. वर्षाला व्याज ५२,५०० रुपये. विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसींचे नाव लागले. आजही ते एसएनडीटी म्हणूनच ओळखले जाते.

कर्वे स्वतः निघाले १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद, लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भाषण, जिनिव्हात शिक्षण परिषद, डेन्मार्कमध्ये एल्सिनोरला नव्या शिक्षणपद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा मेळावा. मग अमेरिका, आणि परतताना अखेर जपान. ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेवरून आपले विद्यापीठ काढले, ते त्यांनी चौदा वर्षांनी पाहिले. एप्रिल १९३० मध्ये घरी, आणि डिसेंबरात पुन्हा बाहेर. या वेळी आफ्रिका: मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका. पंधरा महिने. त्यांचा मुलगा शंकर मोंबासाला डॉक्टर होता.

आफ्रिकेचा दौरा युरोपपेक्षा वेगळा होता, आणि तो अधिक बोलका आहे. युरोपात कर्वे परिषदांमध्ये बोलत होते. आफ्रिकेत ते दुकानदारांच्या पेढीवर बसत होते. देणारे गुजराती, कच्छी, काही मराठी, बहुतेक स्वतःच अर्ध्या पिढीपूर्वी बोटीतून उतरलेले. कर्व्यांपूर्वी, १९१२ मध्ये, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत तिथल्या हिंदी मजुरांची स्थिती पाहायला गेले होते. एक कोकणस्थ पाहणी करायला, दुसरा मागायला. दोघांनाही गेल्यावर लोकांनी घरी जेवायला घातले.

कर्वे नोव्हेंबर १९६२ मध्ये वारले, वय एकशे चार. त्याच वर्षी पोफळीच्या भूमिगत वीजघरातून वीज निघू लागली. ज्या घाटावरून ते मुलगा असताना चढून गेले होते, त्या घाटाच्या पोटातून आता पाणी उलटे कोकणात उतरत होते. कृष्णेकडे जायचे कोयनेचे पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवून पोफळीत पाडायचे आणि वाशिष्ठीत सोडायचे, अशी ही योजना. तिच्यासाठी १९५९ मध्ये जागतिक बँकेने अडीच कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बँकेचे पाहणी पथक येते त्याला त्यांच्या कागदपत्रांत मिशनच म्हणतात, पण हे मिशन धरणाची उंची, टर्बाइनची क्षमता आणि विजेचा दर पाहायला आलेले. धरणात गेलेल्या गावांचे पुनर्वसन मात्र दशकानुदशके रखडले. पाहणीत जे कोष्टक नसते ते अहवालात येत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, हजारो जखमी झाली. पोफळीचे संच थांबले आणि मुंबईची वीज गेली. त्यानंतर भारत सरकारची तज्ज्ञ समिती आली, युनेस्कोचे तज्ज्ञ आले. धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने टिपलेला हादऱ्याचा आलेख जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासला, आजही धरणांच्या भूकंपशास्त्रात तो दाखल्याला घेतात. कोयनेच्या भिंतीचा इतका बारीक अभ्यास झाला आहे की तिचा प्रत्येक तडा कुठल्या ना कुठल्या प्रबंधात सापडेल. त्या पहाटे पत्र्याच्या आणि दगडमातीच्या घरांत दबलेल्या माणसांच्या मागे राहिलेल्या मुलांचे पुढे काय झाले, यावर तेवढी पाने कोणी लिहिली नाहीत.

भूकंपात मागे राहिलेल्या मुलांकडे पाहण्याचे काम किल्लारीनंतर झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिव भागातली बाराशे मुले पुण्याला आणली आणि वाघोलीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली. रमाबाईंच्या केडगावनंतर इतक्या मोठ्या संख्येने आपत्तीतली मुले एका संस्थेने एका दमात आणल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात चटकन सापडत नाही. फरक एवढा, की या वेळी पाहणारे आणि देणारे दोघेही इथलेच होते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीने चिपळूण बुडवले तेव्हाही पहिली मदत शेजारच्यांचीच. घाटमाथ्यावरून, म्हणजे पोफळीवरूनच, गाड्या खाली येऊ लागल्या. पूर ओसरल्यावर शहराला सर्वांत जास्त हवे होते ते चिखल उपसणारे हात, फावडी, पंप आणि प्यायचे पाणी. ठाणे-मुंबईकडून पालिकांची सफाई पथके आली ती म्हणूनच मोलाची ठरली. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तके भिजून लगदा झाली होती. अशा वेळी कपड्यांचे गठ्ठे पाठवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, ते ठेवायला कोरडी जागा कुठून आणायची? आधी फोन करून काय हवे ते विचारणारे तुलनेने कमी. सार्वजनिक सभेच्या माणसांनी १८७६ मध्ये हेच गावोगावी विचारून टिपले होते.

आता परदेशी पाहुण्यांना संस्था पाहणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची केली आहे, मुलाला दाखल करायचे ते बालकल्याण समितीच्या आदेशाने. २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख पटेल असे नाव, पत्ता किंवा छायाचित्र छापता येत नाही. क्लॉप्श यांचे वृत्तपत्र आणि लॅम्बर्ट यांचे पुस्तक आज निघाले असते तर प्रकाशक कोर्टात उभे राहिले असते. परदेशी देणगीवर १९७६ पासून वेगळा कायदा आहे. तो २०१० मध्ये नव्याने आला आणि २०२० मध्ये आणखी आवळला गेला. कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली, आणि परदेशातून येणारा प्रत्येक पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा झाला पाहिजे असे ठरले. अमेरिकन देणगीदारांकडून आश्रमासाठी जमवलेले डॉलर पार्वतीबाईंनी आज पाठवायचे म्हटले असते, तर हिंगण्याच्या मंडळींना आधी गृह मंत्रालयाचे नोंदणीपत्र काढावे लागले असते, मग त्या शाखेत खाते, आणि वर्षअखेरीला लेखापरीक्षकाच्या सहीसह विवरणपत्र.